डीफॉल्ट कुणाच्या सोयीचा?

तर झालं असं, की मागच्या दिवाळीत वळसंगला गेलो होतो. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना लागतं ते आमचं गाव. काकांचं तिथे खत-बियाण्यांचं दुकान आहे. त्यांच्या उधारीच्या हिशोबासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. कोड नेटवर खुला टाकला, तर आणखी चार-पाच जणांनी तो वापरायला घेतला. (माझा हा एकमेव ओपन सोर्स प्रोजेक्ट. हसू नका!)

फराळ झाला आणि अंगात भाषाभिमान संचारला. मराठी माणसाचं बिल आणि आकडे इंग्रजी? छे! लोकेल 'इंग्रजी (भारत)' होतं, ते 'मराठी (भारत)' केलं. एक ओळ. युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारात मराठीचे डीफॉल्ट अंक देवनागरी आहेत (हिंदीचे मात्र इंग्रजी, गंमत आहे), त्यामुळे ब्राउझरला मराठी सांगितलं की सव्वा लाख आपोआप १,२५,००० असे दिसू लागतात. झकास! खूश होऊन पुण्याला परतलो.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. "अरे, काय करून ठेवलास बे? सगळी उधारी शून्य झाली की!"

सोलापूरच्या हिशोबनिसांकडे जाणारी फाइलसुद्धा मी त्याच ओळीतून काढत होतो. तिथल्या स्प्रेडशीटला देवनागरी आकडे म्हणजे नुसता मजकूर वाटला आणि मजकुराची बेरीज शून्य. वर काका म्हणाले, "इथं निम्मी गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी. काहीजण शाळा कन्नडमधून शिकलेत. इंग्रजी आकडा सगळ्यांना कळतो, म्हणून तो ठेवला होता." हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री बदल मागे घेतला आणि विचार करत बसलो. माझं चुकलं कुठे? देवनागरी अंक चूक नव्हेत. डीफॉल्ट बदलणंही चूक नव्हे. पण डीफॉल्ट म्हणजे 'ज्याने काहीच निवडलं नाही त्याच्यासाठी आपण केलेली निवड', असं मी समजत होतो. ते अर्धसत्य आहे. जुन्या माणसाने काही निवडलं नाही, कारण आहे त्यावर त्याचं काम चाललंय. त्याचं गप्प बसणं हीच त्याची निवड असते. आपण मात्र ते गप्प बसणं 'काहीही चालेल' असं वाचतो.

मग मोठे प्रोजेक्ट काय करतात? जॅंगोचं उदाहरण घ्या. तारखा आणि आकडे त्या त्या भाषेच्या पद्धतीने दाखवायची सोय २०१० साली १.२ आवृत्तीत आली. मूळ डीफॉल्ट 'बंद'. पण नवा प्रोजेक्ट सुरू केला की तयार होणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये ती 'चालू' लिहिलेली यायची. म्हणजे नव्यांना नवं, जुन्यांना जुनं, आणि कुणाच्या घरात न विचारता शिरणं नाही. खरा डीफॉल्ट बदलला थेट ४.० मध्ये, २०२१ साली. मधे अकरा वर्षं!

गिटचं दुसरं उदाहरण. २०१४ साली २.० आवृत्तीत 'पुश'चा डीफॉल्ट बदलला. त्याआधी बराच काळ, ज्याने सेटिंग केलेलं नाही त्याला काम करतानाच सूचना दिसत होती, की हे बदलणार आहे, जुनं हवं तर अमुक लिही, नवं हवं तर तमुक. रिलीज नोट्स कोण वाचतं हो? आपण तरी वाचतो का? सूचना माणसाच्या वाटेत ठेवावी लागते.

पायथनचा कोड नीटनेटका करणारं ब्लॅक हे टूल २०२२ पासून वर्षभर आपली शैली बदलत नाही. बदल येतात ते जानेवारीच्या आवृत्तीत, आणि घाई असेल त्याला ते आधीच चालू करून बघता येतात. म्हणजे धक्का बसलाच, तरी तो कधी बसणार हे कॅलेंडरवर ठरलेलं.

आपल्या देशाने तर हे कॉम्प्युटरशिवाय केलंय. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुनी नाणी लगेच रद्द केली नाहीत, दोन्ही शेजारी शेजारी चालली. नव्या नाण्यावरच हिंदीत लिहिलेलं असायचं, की हा रुपयाचा शंभरावा भाग. नावातलं 'नवे' काढलं ते १९६४ मध्ये. तरीही आमची आजी पंचवीस पैशांना चार आणेच म्हणायची. तिला कुणी अडवलं नाही.

आता यावर कुणी म्हणेल, जुन्यांसाठी नव्यांनी किती दिवस थांबायचं? प्रश्न खरा आहे. वाईट डीफॉल्ट तसाच ठेवला, तर त्याची किंमत प्रत्येक नवा माणूस भरतो, आणि तो तक्रार करायलाही येत नाही, गुपचूप निघून जातो. म्हणून 'कधीच बदलू नका' हे मला मान्य नाही. बदला. पण नव्यापासून सुरुवात करा. अपग्रेड करताना जुन्याच्या फाइलमध्ये जुनं सेटिंग स्पष्ट लिहून ठेवा. वाटेत सूचना द्या, तारीख सांगा. आणि दिसणं वेगळं, साठवणं वेगळं: डोळ्यांसाठीचा आकडा आणि मशीनसाठीचा आकडा एकाच ओळीतून काढू नका. (हा शेवटचा धडा मी शून्य उधारीच्या भावाने विकत घेतलाय!)

असो. आता प्रोग्राममध्ये 'देवनागरी अंक' असा एक चौकोन आहे. जुन्यांकडे तो रिकामा. नव्याने घेणाऱ्याला पहिल्याच वेळी विचारतो. फाइलमधले आकडे कशानेही हलत नाहीत.

यंदा गणपतीला गावी गेलो, तर मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या काका याच प्रोग्राममधून काढत होते. आकडे देवनागरी!

"हे कुणी चालू केलं?" मी विचारलं.

"मीच की. पावतीला बरं दिसतंय. संपलं की परत बंद करतो."