जिंकलेल्या ठाण्याचे छायाचित्र

१९६५ च्या भारत-पाक युद्धात लाहोरनजीकच्या बर्की पोलीस ठाण्यासमोर उभ्या असलेल्या भारतीय जवानांची छायाचित्रे निघाली. सीमेपलीकडे मुनाबाव रेल्वे स्थानकावरील पाकिस्तानी सैनिकांची. दोन्हीकडच्या जनतेला एकच सांगण्यात आले: आपण जिंकलो! १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारान्वये २५ फेब्रुवारीपर्यंत उभय सैन्यांनी ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतावयाचे ठरले. बर्की गेले, मुनाबाव आले, हाजीपीर खिंडही सोडावी लागली. मागे उरल्या विधवा, आणि ती छायाचित्रे.

भिखीविंडच्या ‘पॅटननगरा’त मांडलेले रणगाडे ‘शत्रूचे’ म्हणून दाखविले गेले. ते अमेरिकेच्या कारखान्यांत घडले व लष्करी मदत म्हणून पाकिस्तानला मिळाले, हे चित्र कसे सांगणार? त्याच अमेरिकेच्या पी. एल. ४८० च्या गव्हावर तेव्हा भारतातील गरिबांची चूल अवलंबून होती.

असे छायाचित्र खोटे नसते. पण लष्कर नेईल तेथे जाऊन दाखवील तेवढेच टिपणारा कॅमेरा अर्धेच सत्य सांगतो. जवानाच्या शौर्याविषयी आदर बाळगूनही समाजवादी कार्यकर्त्याने अशा प्रत्येक चित्राला विचारलेच पाहिजे: शस्त्र कोणाचे, रक्त कोणाचे आणि नफा कोणाचा?