घरघर कसली, ते आधी ठरवा

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न ठरलेला असतो. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर जुळवला, वाजतोही गोड, पण गाणे थांबले की स्पीकर घरघरतो. कुठला कॅपॅसिटर बदलू? पत्रात मायक्रोफॅरडचे आकडे असतात, कंपन्यांची नावे असतात, कधी बिलाची रक्कमही असते. घरघर कसली आहे, एवढेच नसते.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. हीटरच्या तारांतून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून शिरणारा आवाज मुख्यतः 50चा असतो, जाड आणि गोल. फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरचा 100चा असतो आणि त्याला बहुधा करकरीची धार असते. दोघांत बरोबर एका सप्तकाचे अंतर आहे. तरी शंका वाटली तर फोनवरच्या टोन जनरेटरने दोन्ही सूर हेडफोनवर ऐकून घ्या.

100 ऐकू आला की मंडळी पहिला फिल्टर कॅपॅसिटर दुप्पट करून मोकळी होतात. त्याने अनेकदा दुखणे वाढते. कॅपॅसिटर मोठा, तितके चार्जिंग प्रवाहाचे झटके अरुंद आणि उंच. ते झटके चासीवरून इनपुटच्या ग्राउंडशेजारून परतत असतील तर घरघर आणखी तिखट होणारच. शिवाय जीझेड34सारख्या रेक्टिफायर व्हॉल्व्हला पहिल्या कॅपॅसिटरची 60 मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. सेकंडरीला सेंटर टॅप असेल तर कॅपॅसिटरचे निगेटिव्ह टोक थेट त्याला जोडा आणि बाकी सर्किटचे ग्राउंड त्या कॅपॅसिटरच्या टोकावरून घ्या, टॅपवरून नको. खर्च वीतभर तारेचा.

घरघर कुठल्या टप्प्यात शिरते, हे शोधताना व्हॉल्व्ह उपटत सुटण्याची सवय मात्र महागात पडेल. आपल्या अनेक वाचकांचे लाडके मुलार्ड 5-10 घ्या: एक ईएफ86, एक ईसीसी83, दोन ईएल84. यात ईएफ86चा ॲनोड ईसीसी83च्या ग्रिडला मध्ये कॅपॅसिटर न ठेवता थेट जोडलेला आहे. ईएफ86 काढला की त्या ग्रिडवर जवळजवळ सगळा एचटी चढतो. म्हणून आधी ईसीसी83 काढा, तोही सेट बंद करून. घरघर उरली तर दोष ईएल84च्या टप्प्यात, पॉवर सप्लायमध्ये किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी. पण फीडबॅकचे वर्तुळ तुटल्यामुळे ती पूर्वीपेक्षा मोठी वाटू शकते, हे ध्यानात ठेवून निकाल द्या. मग ईसीसी83 परत बसवून ईएफ86चा ग्रिड, म्हणजे 9 नंबरची पिन, ग्राउंडला जोडून ऐका. आता शांत झाले तर इनपुटची तार, जॅक किंवा पोटेन्शिओमीटर तपासा.

50च्या घरघरीत पहिला संशय हीटरवर घ्यावा. तारा घट्ट पिळलेल्या आणि चासीच्या कोपऱ्यातून नेलेल्या हव्यात. हीटर वाइंडिंगला सेंटर टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून 100-100 ओहमचे रेझिस्टर ग्राउंडला द्या. हेही करून भागले नाही, तर दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांकडे कसे बघतात ते पाहा. खरे तर ही परीक्षा चासीला भोके पाडण्यापूर्वीच घ्यायची असते. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन लावा, शेजारच्या मेन्स ट्रान्सफॉर्मरची सगळी सेकंडरी टोके टेप लावून मोकळी ठेवा, प्रायमरीचे जोडही नीट झाका आणि वीज द्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवला की एका कोनात गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. तिथे पेन्सिलीने खूण करा.

अर्थची पिन काढल्यावर घरघर थांबली, असे विजयी सुरात लिहिणारी पत्रे आम्ही छापत नाही आणि छापणार नाही. ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेले तर चासीवर 230 व्होल्ट येतील. चासी अर्थलाच हवी; लूप तोडायचाच असेल तर सिग्नल ग्राउंड आणि चासी यांच्यामध्ये 10 ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर उलटसुलट जोडलेले दणकट डायोड घाला. आणि सेट बंद केल्यावरही हात घालण्यापूर्वी एचटी मीटरने मोजा. कॅपॅसिटर 300 व्होल्ट धरून बसलेले असतात.

यापुढे घरघरीबद्दल लिहिताना चार गोष्टी जरूर कळवा: सूर 50चा की 100चा, व्हॉल्यूम फिरवल्यावर तो बदलतो का, कुठला टप्पा बंद केल्यावर थांबतो, आणि चासीच्या खालच्या बाजूचा एक स्पष्ट फोटो. कॅपॅसिटरची कंपनी नाही कळवली तरी चालेल.