विरंगुळा कुणाचा?



आमच्या गटाच्या मागच्या निवासी शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही 'चोवीस तासांचं घड्याळ' घेतलं. तुमच्यापैकी बहुतेकींनी ते घेतलेलं असेल. कागदावर मोठं वर्तुळ काढायचं, त्याचे चोवीस भाग करायचे आणि एक कामाचा दिवस, एक सुटीचा दिवस त्यात रंगवायचा. घरकाम लाल, मजुरी किंवा नोकरी निळी, झोप काळी, आराम आणि करमणूक हिरवी. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मी हे शिकले, तेव्हापासून किती वेळा घेतलं असेल याची गणती नाही. त्याचा शेवटही पाठ आहे. वर्तुळं भिंतीवर लागतात, भिंत लालेलाल होते, हिरवा रंग नखाएवढा दिसतो आणि मग चर्चा सुरू होते.

या वेळी एक बाई पेन हातात धरून तशीच बसून राहिली. पन्नाशीची आहे, पुण्यात चार घरी पोळ्या करते. तिने विचारलं, "ताई, विणकाम कुठल्या रंगात घालू?"

मी म्हटलं, हिरव्या. शेजारची म्हणाली, "हिरवा कशाला? नातवाचा स्वेटर आहे. विकत आणायचा तर पैसे पडले असते. काम झालं ते." तिसरीने सुचवलं, अर्धा लाल घाल, अर्धा हिरवा. तेवढ्यात तिनेच पुढचे प्रश्न काढले. रविवारी दोनच घरं असतात, मग ती जुन्या बाजारात चक्कर मारते. ते बाजारहाट म्हणून लाल का? आणि मागच्या रविवारी तिने मासवडी केली. कुणी मागितली नव्हती, सणवार नव्हता, तिलाच खावीशी वाटली. तीही लालच? आमच्यात तासभर वाद झाला. जेवणाची हाक आली तेव्हा तिच्या वर्तुळातले तीन तुकडे कोरे होते. ते तसेच ठेवून तिने कागद भिंतीला लावला.

या अंकाचं संपादकीय दुसऱ्या विषयावर लिहायचं ठरलं होतं, पण ते तीन कोरे तुकडे डोळ्यांसमोरून हलेनात.

हा प्रश्न फक्त आमच्या शिबिराचा नाही. सरकारलाही तो पडतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. त्यासाठी जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरलं जातं, त्यात घरच्यांसाठी कपडे तयार करणं 'स्वतःच्या वापरासाठी वस्तूंचं उत्पादन' या गटात जातं, तर छंद जातो संस्कृती आणि विरंगुळ्याच्या गटात. खरेदी आणि स्वयंपाक बिनपगारी घरकामात. म्हणजे सुया तिच्या हातात, पण ती काय करत होती हे ठरवणार नोंद घेणारा. त्याच २०२४ च्या सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं गेले आणि पुरुषांचे ८८. शिवाय हे काम त्या दिवशी केलेल्या बायका शंभरात ८१ होत्या आणि पुरुष २७. आकडा लक्षात ठेवू या, कारण पुढे आनंदाबद्दल बोलायचं आहे आणि तो या २८९ मिनिटांच्या फटींतूनच शोधायचा आहे.

आपल्या चळवळीने या फटींकडे फारसं पाहिलं नाही हे कबूल केलं पाहिजे. त्याला कारणं होती. बाई अडचणीत आहे म्हटलं की तिला शिवणवर्गात बसवायचं, विणकाम शिकवायचं, लोणची-पापड करायला लावायचे, हा सरकारचा आणि दानशूरांचा ठरलेला उपाय. त्याला आपण विरोध केला, तो बरोबरच होता. नरसापूरचं उदाहरण आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. आंध्रातल्या या भागात मिशनऱ्यांनी लेस विणण्याची कला आणली, आणि पुढे तिथल्या हजारो बायकांनी क्रोशाने विणलेली लेस परदेशी बाजारात जाऊ लागली. मारिया मीस यांनी त्यांच्यावर १९८२ साली पुस्तक लिहिलं. निर्यात करणारे श्रीमंत झाले, विणणाऱ्या मात्र 'गृहिणी'च राहिल्या. त्या कामगार नाहीत, फावल्या वेळात हात चालवतात, एवढं म्हटलं की मजुरी देण्याचा प्रश्न मिटत होता. 'फावला वेळ' हा शब्द ऐकला की आपले कान टवकारतात ते यामुळे.

स्वयंपाकाचंही तेच. १९७२-७३ च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायकांनी लाटणं रस्त्यावर आणलं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं. हा आपला अभिमानाचा वारसा आहे. तिथे लाटणं हत्यार झालं, स्वयंपाक श्रम म्हणून मोजला गेला. पण स्वतःच्या जिभेसाठी रांधणारी बाई आपल्या पत्रकांत, पोस्टरवर, नाटुकल्यांत कुठे दिसली? मला तरी आठवत नाही.

तर त्या बाईच्या विणकामाकडे येऊ. ती विणकाम शिकली पहिल्या घरच्या आजीकडून. लोकर विकत घेत नाही, परवडत नाही. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरणाऱ्या जुन्या बाजारात ती जुने स्वेटर शोधते. घेताना स्वेटर उलटा करून आतली शिवण पाहते. भाग वेगवेगळे विणून नुसते टाचलेले असतील तर तो घ्यायचा. कापड कापावं तसा कापून यंत्रावर शिवलेला असेल तर कितीही छान रंग असू दे, ठेवून द्यायचा, कारण उसवायला गेलं की प्रत्येक ओळीला धागा तुटतो. घरी आणून शिवण सोडवते, वरच्या कडेपासून उसवत येते. उसवलेली लोकर कुरळी असते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात धुवायची आणि ओली असतानाच खाली थोडं वजन लटकावून सावलीत टांगायची. वाळेपर्यंत धागा सरळ होतो. मग गुंडा.

हे सगळं ती आम्हाला सांगत होती तेव्हा शिबिरात कुणी चुळबुळ करत नव्हतं. कुटुंबातल्या हिंसाचारावरच्या सत्राला करत होत्या, हे आपलं माझ्या माहितीसाठी.

विणकाम बायकांना का जमतं, याचं उत्तर तिनेच दिलं. ते केव्हाही खाली ठेवता येतं. दूध उतू जाताना, नातू रडताना, नळाला पाणी आल्यावर ओळ पुरी करायची आणि उठायचं. परत आल्यावर टाके सुयांवर जिथल्या तिथे असतात. पोळी तव्यावर थांबत नाही, कणीकसुद्धा फार वेळ थांबत नाही. बायकांचा वेळ चिंध्यांसारखा तुकड्या-तुकड्यांचा, आणि त्या तुकड्यांत बसेल असा आनंद त्यांनी शोधला. मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात कुणी भाजी निवडते, कुणी क्रोशा चालवते, ते याचसाठी. त्यातली भाजी निवडणं म्हणजे दुसऱ्या पाळीची तयारी हे उघड आहे. पण क्रोशावालीला 'हेही तुझं शोषणच' असं सांगायला मी जाणार नाही. मला विचारल्याशिवाय माझ्या झोपेला कुणी काळा रंग दिला तर मलाही चालणार नाही.

स्वयंपाकाची गोष्ट अधिक अवघड आहे. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात बायको मारणं कोणत्या कारणांसाठी योग्य वाटतं असं विचारतात. त्या यादीत 'स्वयंपाक नीट केला नाही' हे एक कारण असतं. प्रश्नावलीत ते घालावं लागतं, यातच सगळं आलं. आमच्या सल्ला केंद्रावर भाजीत मीठ जास्त झाल्यावरून सुरू झालेल्या कहाण्या दर महिन्याला येतात. तिथे बसून घरच्या जेवणाच्या गोडव्याबद्दल लिहायला हात धजत नाही.

तरीही एक लिहिते. गेल्या वर्षी एक बाई दोन मुलांना घेऊन घराबाहेर पडली. काही महिन्यांनी भाड्याची खोली मिळाली. त्यानंतरच्या तारखेला ती केंद्रावर आली ती डबा घेऊन. डब्यात कारल्याची भाजी होती, गूळ-चिंच घालून केलेली. नवऱ्याला कारलं चालत नसे म्हणून अकरा वर्षं घरात कारलं आलं नव्हतं. तिला ते लहानपणापासून आवडायचं. मुलं तोंड वाकडं करत होती, म्हणून आमच्यासाठी आणलं होतं. आम्ही तिघींनी ते पोळीशी खाल्लं आणि मग तिचा अर्ज बाहेर काढला. अर्जात निवारा, पोटगी, मुलांची शाळा, दागिने, वैद्यकीय तपासणी असे रकाने आहेत. ते सगळे भरून झालेले होते. तिला काय आवडतं हे आम्ही तिला वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची जागाच कागदावर नव्हती, हे खरं असलं तरी पुरेसं कारण नाही.

आता जुन्या कपड्यांबद्दल. हल्ली शहरातल्या मुलींना जुने कपडे शोधून घालण्याची हौस आहे, त्याला 'थ्रिफ्ट' म्हणतात आणि इन्स्टाग्रामवर त्याची दुकानं चालतात. आपल्याकडे ही देवघेव नवी नाही. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण आपल्या आया-आज्यांनी पाहिली आहे. अनेक गावांत ती अजून येते. वाघरी समाजातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करत आल्या. तीन साड्या, दोन पँटी यांच्यावर एक पातेलं, अशी घासाघीस. आपण ती मजा म्हणून सांगतो. तिच्यासाठी तो दिवसाचा हिशेब असतो. घेतलेलं वेगळं करायचं, धुवायचं, फाटकं सांधायचं, इस्त्री करून बाजारात मांडायचं, आणि अंगावर घालण्याजोगं नसेल ते गॅरेजमध्ये पुसायला द्यायचं. हे सगळं काम बहुतेक घरातल्या बायकाच करतात.

शिबिरात जुन्या बाजाराची गोष्ट रंगात आली तेव्हा मागे बसलेली एक कार्यकर्ती म्हणाली, "तुम्हाला जुनं शोधण्यात मजा येते. माझ्या आईने जन्मभर दुसऱ्यांच्या उतरलेल्या साड्या नेसल्या. मला नव्या साडीची घडी मोडायला आवडतं, आणि ती मी कर्ज काढूनही मोडीन." क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी बोलले, त्यात लुगडं नेसण्याची पद्धत आणि दागिने हाही विषय होता. ज्या पेहरावावरून जात ओळखू येते तो टाकून द्या, नीटनेटक्या राहा, असं त्यांनी सांगितलं. ज्यांच्यावर चिंध्या लादल्या गेल्या त्यांच्यासाठी कपडा हा हौसेच्या आधी माणूसपणाचा प्रश्न होता. मला जुनं घालण्यात गंमत वाटते कारण नवं घेणं मला शक्य आहे. हे त्या दोघींसमोर बसून मला नव्याने कळलं. एकीला जुना बाजार आवडतो आणि दुसरीला नको वाटतो. दोघींचं खरं आहे.

आणखी एक गोष्ट राहून जाईल. पोळ्या करणाऱ्या त्या बाईच्या चार घरांतल्या बायका आमच्या शिबिरात नव्हत्या. असत्या तर त्यांच्या वर्तुळांत हिरवा रंग जरा जास्त दिसला असता, आणि तो हिच्या निळ्यातून गेलेला असता. आमच्या गटातल्याही काही घरांत पोळ्यांना बाई आहे. माझ्याकडे आहे. घरकाम करणाऱ्यांना आठवड्यातून सलग चोवीस तास सुटी असावी असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ सालचा १८९ क्रमांकाचा करार सांगतो. भारताने तो मंजूर केलेला नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण तो नोंदणीचा आणि योजनांचा कायदा. रविवारी 'दोनच घरं' असण्याला ती सुटी म्हणते, ते त्यामुळे.

म्हणून गटाच्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. सल्ला केंद्राच्या अर्जात एक रकाना वाढवला आहे: 'तुम्हाला स्वतःसाठी काय करायला आवडतं? शेवटचं कधी केलंत?' रकाना भरलाच पाहिजे अशी सक्ती नाही. पहिल्या पंधरवड्यात सात जणींना विचारलं, तिघींनी उत्तर दिलं. एकजण म्हणाली, आठवून सांगते. दुसरी गोष्ट, ज्यांच्या घरी कामाला बाई आहे अशा आमच्यातल्या प्रत्येकीने तिला आठवड्याची पूर्ण सुटी, पगार न कापता, या महिन्यापासून द्यायची. यावर बैठकीत जोरदार वाद झाला आणि दोघी अजून तयार नाहीत. त्यांची बाजू पुढच्या अंकात त्या स्वतः मांडणार आहेत.

तुमच्या गटांनी 'घड्याळ' घेतलं तर कोरे राहिलेले तुकडे आम्हाला जरूर कळवा. पाककृती पाठवल्यात तरी चालेल, फक्त ती कुणासाठी केली होती तेही लिहा.

त्या बाईने सांगितलेला टोपीचा नमुना शेवटच्या पानावर छापला आहे. आमच्यातल्या एकीने तो विणून पाहिला तेव्हा चौथ्या ओळीत दोन टाके कमी भरले. ती चूक उतरवून घेताना आमच्याकडून झाली होती. आता दुरुस्त केली आहे.