सरहद्दीपलीकडे नेलेले मूल आणि दिरंगाईचा निवाडा

चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या सरहद्दीवर, जी चौदा गावे दोन राज्यांच्या वादात कित्येक दशके अडकून पडली आहेत, तेथे एकाच घरात दोन राज्यांच्या शिधापत्रिका असतात, दोन्ही सरकारांच्या शाळा भरतात, आणि मतदारांची नावे दोन्हीकडच्या याद्यांत आढळतात. तेथील मुलावर दोन सरकारे हक्क सांगतात, तरी ते मूल निराधार होत नाही. कारण दोन्ही राज्यांवर एकाच संविधानाचा अंमल आहे आणि वाद विकोपास गेला तर दोघांनाही हजर व्हावे लागेल असे एक सर्वोच्च न्यायालय आहे. परंतु जेथे दोन सार्वभौम राष्ट्रांची न्यायालये एकाच मुलाविषयी परस्परविरुद्ध हुकूम देतात आणि त्या दोहोंच्या वर कोणीच नसते, तेथे मुलाचे काय होते, या प्रश्नाकडे आपल्या राज्यकर्त्यांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही.

आईबापांपैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून मूल परदेशी नेणे अथवा परदेशातून स्वदेशी आणणे, हा प्रकार केवळ मुंबई-पुण्याच्या श्रीमंत कुटुंबांचा राहिलेला नाही. बल्लारपूर, भद्रावती, घुग्गुस यांसारख्या गिरण्या-खाणींच्या गावांतून शिकलेली मुलेमुलीही आता परदेशी नोकरीस जातात, तेथे संसार मांडतात, आणि ते संसार मोडण्याचा प्रसंग आला म्हणजे मूल कोणत्या देशात वाढावे हा तंटा सातासमुद्रांपार असलेल्या नातलगांच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

अशा तंट्यात पहिला प्रश्न मूल कोणाचे हा नसून निवाडा कोणी करावा हा असतो. आणि त्याचे उत्तर आपल्याच कायद्यात सव्वाशेहून अधिक वर्षे लिहिलेले आहे. समजा, सिरोंचा तालुक्यातील एखाद्या नवराबायकोचे बिनसले आणि एकाने मूल उचलून प्राणहितेपलीकडे मंचेरियल जिल्ह्यात नेले, तर 1890 च्या पालक आणि पाल्य अधिनियमाचे नववे कलम सांगते की, अज्ञान मुलाचे नेहमीचे वास्तव्य ज्या ठिकाणी असेल तेथील जिल्हा न्यायालयाने दाद ऐकावी. मूल नेणाऱ्याला आपल्या सोयीचे न्यायालय निवडता येऊ नये, हा त्या तरतुदीचा आशय आहे. सिरोंच्याहून गडचिरोलीची कचेरी दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, हे खरे. पण तेथे जाणाऱ्या बाईला आपली फिर्याद कोणत्या दारी न्यावी हे तरी ठाऊक असते.

25 ऑक्टोबर 1980 रोजी हेग येथे झालेला आणि 1 डिसेंबर 1983 पासून अमलात आलेला आंतरराष्ट्रीय करार हेच तत्त्व राष्ट्रांच्या सरहद्दींना लागू करतो. सोळा वर्षांखालील मूल गैरपणे दुसऱ्या देशात नेले गेले असता, प्रत्येक सदस्य राष्ट्राने नेमलेल्या मध्यवर्ती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. न्यायालयाने सहा आठवड्यांत निकाल द्यावा अशी अपेक्षा असते. आणि मूल नेल्यापासून वर्षाच्या आत अर्ज झाला असेल तर, काही मोजके अपवाद सोडून, ते त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशी परत पाठवावे लागते. ताबा कोणाकडे असावा याचा निर्णय मूल परतल्यावर तेथील न्यायालयाने करावयाचा असतो. शंभरांहून अधिक राष्ट्रांनी हा करार स्वीकारला आहे. श्रीलंका 2001 साली, जपान 2014 साली आणि पाकिस्तान 2016 साली त्यात सामील झाले. भारत आजही बाहेर आहे.

बाहेर राहण्याचे फळ काय, हे महाराष्ट्राशी निगडित अशा दोन खटल्यांतून स्पष्ट दिसते. 1986 च्या जानेवारीत एका बापाने अमेरिकेतील न्यायालयाने दिलेल्या भेटीच्या हक्काचा आधार घेऊन आपल्या मुलाला शाळेतून नेले आणि थेट पुण्यास आणले. आईने सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यायालयाने मूल तिच्या स्वाधीन करून अमेरिकेस परत जाऊ दिले. दुसऱ्या खटल्यात 1984 साली एक आई वर्षाच्या आतले मूल घेऊन अमेरिकेहून भारतात आली. तिकडील न्यायालयाने पुढे बापाच्या बाजूने हुकूम दिला. परंतु सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल 1997 च्या नोव्हेंबरात लागला, तोवर मूल किशोरवयात येऊन येथील भाषेत, शाळेत, मित्रांत रुजले होते, आणि त्याला आईपाशीच ठेवण्यात आले. दोन्ही निकाल त्या त्या परिस्थितीत न्याय्य असतील. तथापि पहिल्या खटल्यात दहा महिने गेले आणि दुसऱ्यात तेरा वर्षांहून अधिक काळ गेला, ही गोष्ट निकालांच्या भेदाशी निगडित नाही असे कोण म्हणेल? ज्याच्याकडे मूल आहे त्याला दिरंगाई हाच सर्वांत समर्थ वकील ठरतो. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी न्यायालयाचा हुकूम हा मुलाचे हित ठरविताना विचारात घ्यावयाचा केवळ एक घटक मानला. त्यानंतरच्या काही खटल्यांत मुलांना परत पाठविण्याचे आदेशही झाले. प्रत्येक खटला नव्याने लढवावा लागणे म्हणजे प्रत्येक मुलाचे बालपण दाव्याच्या तारखांत खर्च होणे होय.

करारात सामील होण्यास जो विरोध झाला, तो मात्र क्षुल्लक म्हणून टाकून देण्याजोगा नाही. विधी आयोगाने 2009 च्या अहवालात सामील होण्याची शिफारस केली आणि 2016 च्या अहवालात विधेयकाचा मसुदाही सुधारून दिला. परंतु न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीने 2018 साली विरुद्ध मत दिले. मूल घेऊन परतणाऱ्या कित्येक स्त्रिया परक्या देशातील छळातून सुटून आलेल्या असतात आणि मुलाबरोबर त्यांनाही त्याच छळाकडे लोटले जाईल, ही त्यामागील भीती होती. ती खरी आहे. हा करार लिहिला गेला तेव्हा मूल पळविणारा बहुधा बाप असेल असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात 2015 च्या प्रकरणांच्या जागतिक पाहणीत मूल नेणाऱ्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश आया आढळल्या.

परंतु या भीतीचे उत्तर बाहेर राहणे हे कसे ठरते? मुलास गंभीर धोका असेल तर परत पाठवू नये, अशी तरतूद करारातच आहे. आईवरील हिंसा हा मुलावरील धोकाच होय, असे भारताने आपल्या कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावे. परतणाऱ्या आईला तेथे निवास, पोटगी, वकील आणि राहण्याचा परवाना मिळेल व तिच्यावरील फौजदारी कारवाई थांबेल, अशी हमी परदेशी न्यायालयाकडून हुकूमनाम्याने घेतल्यावाचून मूल पाठवू नये. आणि उच्च न्यायालयांना निकालाची सक्त मुदत घालून द्यावी. शिवाय करार परस्परांवर बंधनकारक असतो. ज्या आईचे मूल नवऱ्याने बल्लारपुराहून उचलून परदेशी नेले, तिला आज त्या देशाच्या मध्यवर्ती अधिकाऱ्याकडे जाण्याचा मार्गच नाही. आपण बाहेर राहून जिचे रक्षण करतो असे म्हणतो, तिच्याच भगिनीला आपण उघड्यावर सोडतो.

कायदा होईपर्यंत जिल्ह्यातही करण्याजोगे पुष्कळ आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2023 च्या ऑक्टोबरात असे सांगितले की, सक्षम न्यायालयाचा मनाई हुकूम नसेल तर बापाने आपलेच मूल नेणे हा अपहरणाचा गुन्हा होत नाही. हे खंडपीठ चंद्रपूर-गडचिरोलीवरही अधिकार चालविते. म्हणून मूल नेले जाण्याची धास्ती असलेल्या आईने पोलीस ठाण्यापूर्वी न्यायालयाची पायरी चढावी, ताब्याचा तात्पुरता हुकूम घ्यावा आणि मुलाचे पारपत्र न्यायालयात जमा करवून घ्यावे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये स्त्रियांना आणि आदिवासींना, उत्पन्नाची अट न घालता, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे; जिल्हा प्राधिकरणाने ही माहिती एटापल्ली, भामरागड, सिरोंचा येथपर्यंत मराठी, गोंडी, माडिया आणि तेलुगू भाषांतून पोहोचवावी.

मात्र मूळ काम संसदेचे आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या दोन्ही मतदारसंघांतील खासदारांनी, पक्षभेद बाजूस ठेवून, 2016 पासून पडून असलेल्या मसुद्याची सरकारकडे विचारणा करावी, आणि वरील संरक्षक तरतुदींसह तो सभागृहापुढे आणावा असा आग्रह धरावा. सिरोंच्याच्या मुलासाठी जे तत्त्व आपण 1890 सालापासून न्याय्य मानीत आलो, ते समुद्रापलीकडे नेलेल्या मुलास नाकारण्याचे समर्थनीय कारण आता उरलेले नाही.