घरातले टेबल कुणाचे?

मागच्या रविवारी अमरावतीहून थोरल्या ताईचा फोन आला. जयभीम झाला, तब्येतपाणी झाले आणि मग ताई म्हणाली, "मायं टेबल हाय नं तुह्याजवळ, ते पाह्यजे मले आता."

आम्ही क्षणभर गप्पच झालो. टेबल ताईचेच, यात वाद नाही. पण ताईचे लग्न झाल्यापासून ते अकोल्याला आमच्या घरात आहे, आणि आजच्या घडीला त्यावर मिक्सर, फ्रिजचा स्टॅबिलायझर, इस्त्री, औषधांचा डबा व दोन वर्षांच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आहे. ताईची नात यंदा बारावीला. घर दोन खोल्यांचे. पोर खाटेवर पोक काढून लिहिते, रात्री मान धरून बसते. घरात एक टेबल आहे, पण ते टी.व्ही.ने केव्हाच बळकावले आहे. खरे म्हणजे नाही म्हणायला आम्हाला तोंड नव्हते, तरी आम्ही "पाहू" म्हणालो. त्याची लाज वाटते, म्हणूनच या आठवड्याचे सदर टेबलावर.

हे टेबल 1974 सालचे. ताई तेव्हा मॅट्रिकला होती. बाबा जिनात हमाल. जुन्या शहरात एक वाडा पाडत होते, तिथून बाबांनी सागवानी दाराचे एक फळके विकत आणले, हातगाडीवर घालून. नवा साग आपल्याला कुठला परवडायला! मेळघाटातला साग परतवाड्याच्या डेपोत लिलावाला यायचा आणि तिथून पैसेवाल्यांच्या दारे-खिडक्यांना जायचा. पायांसाठी कडूनिंबाचे लाकूड मिळाले. सुतारकाका गोणपाटात करवत, रंधा, पटाशी नि गुण्या बांधून आले आणि बाबांना म्हणाले, "टेबल काहाले पाह्यजे बाप्पा? जेवाले का?"

"लेहाले पाह्यजे. पोरीले."

काकांनी मग ताईला स्टुलावर बसवले, हात कोपरात दुमडायला लावला आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे माप सुतळीवर गाठ मारून घेतले. दोन दिवस अंगणात काम चालले. चौकटीत एकही खिळा नाही. एका लाकडात भोक, दुसऱ्याला त्यात बसणारी जीभ, वरून सरस आणि बाजूने लाकडाची पाचर. रंध्याखालून निघालेल्या कुरळ्या ढलप्या आईने चुलीसाठी टोपलीत भरून ठेवल्या. टेबल उभे राहिले तेव्हा बाबांनी घरात एकच कायदा केला : यावर पुस्तकाशिवाय काही ठेवायचे नाही. स्वतः बाबांनी त्या टेबलाला कधी कोपर टेकले नाही. जेवायचे जमिनीवर, सही करायची तीही मांडीवर कागद घेऊन.

बाबांना हा कायदा कुठून सुचला, ते आम्हाला पुढे उमगले. सभांमधून ऐकलेल्या दोन गोष्टी ते पुन्हा पुन्हा सांगत. एक, साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. दुसरी बडोद्याची. 1917 साली बाबासाहेब विलायतेहून परतून संस्थानच्या नोकरीत गेले, तर कचेरीतले शिपाई फायली हातात न देता लांबूनच त्यांच्या टेबलावर टाकत. म्हणजे पदव्या मिळाल्या, टेबल मिळाले, तरी टेबलापर्यंत माणूस येईना.

आणि मग गोलमेज परिषद. बाबांना कितीतरी वर्षे 'गोलमेज' हे लंडनजवळच्या एखाद्या गावाचे नाव वाटे. मेज म्हणजे टेबल, हे ताईने सांगितले तेव्हा ते खूप वेळ हसले आणि मग गंभीर होऊन विचारते झाले, "गोल कायले?" गोल टेबलाला वरची-खालची जागा नसते, म्हणून. इंग्रजांच्या दंतकथेत आर्थर राजाच्या दरबारात असे टेबल होते, बसणाऱ्यांत मानपानाचे भांडण नको म्हणून. 12 नोव्हेंबर 1930 रोजी पंचम जॉर्जने पहिल्या परिषदेचे उद्घाटन केले, तेव्हा अस्पृश्यांच्या वतीने तिथे दोघे होते : बाबासाहेब आणि मद्रासचे रेट्टमलाई श्रीनिवासन. त्या मेजावर जागा होती म्हणूनच अल्पसंख्याक समितीपुढे आपल्या हक्कांचे निवेदन ठेवता आले. 1931 नि 1932 साली आणखी दोन परिषदा झाल्या. बाबासाहेब तिन्हींना होते; काँग्रेस फक्त दुसऱ्या परिषदेला गेली.

सभागृहात टेबलाला 'पटल' म्हणतात. कागद पटलावर ठेवला की तो सगळ्यांसमोर आला. अमेरिकेत मात्र उलटे आहे. तिकडे एखादा प्रस्ताव टेबलावर ठेवला म्हणजे तो बाजूला सारला, असा अर्थ होतो! आमच्या घरातले टेबल त्या हिशेबाने अमेरिकन झाले आहे. जे काही बाजूला सारायचे, ते त्यावर.

टेबलाखालच्या व्यवहाराबद्दल काय लिहावे? एका कचेरीत मुलाच्या दाखल्यासाठी आमच्याकडे चहापाणी मागितले गेले. आम्ही दिले नाही, दाखला तीन महिने लांबला. लाच मागितली तर 1064 या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे फुकट फोन करता येतो, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हते. वाचकांनी लिहून ठेवावे.

शाळेतले टेबल म्हणजे पाढे. आमच्या बाबांना अक्षरओळख नव्हती, पण पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणतात, हे आजच्या किती गुरुजींना ठाऊक असेल? मजुरीचा हिशेब ठेकेदाराने कागदावर मांडेपर्यंत बाबांचे उत्तर तयार असे, आणि ते एक पैशाने चुकत नसे. ताईची नात "टू टू जा फोर" म्हणत शिकली. त्यातला 'जा' कुणाला जायला सांगतो, हे आम्हाला आजवर कळलेले नाही. पण ती लॉग टेबल सराईतपणे पाहते, तिथे आम्ही आंधळे.

रेल्वेचे टाइमटेबल म्हणावे, तर मूर्तिजापूरच्या शकुंतलेलाही ते होते. ती त्याप्रमाणे येते, अशी तक्रार मात्र कुणी केली नाही. आता ती धावतच नाही.

परवा त्याच नातीने फोनवर विचारले, "आजोबा, वॉटर टेबल म्हणजे काय हो?" आम्ही म्हणालो, तू वऱ्हाडची पोर, हे तुला पुस्तकातून काय शिकायचे? जमिनीखाली ज्या पातळीपासून माती-दगडाच्या फटी पाण्याने भरलेल्या असतात, ती भूजलपातळी. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांसाठी बोअर खोल खोल जात गेले, तशी ती खाली खाली गेली. आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-मूर्तिजापूरच्या बाजूला, पाणी आहे, पण खारे. आमची मावशी त्याच पट्ट्यात नांदली. दारात विहीर असून प्यायच्या पाण्यासाठी तिने मैलभर पायपीट केली. टेबल भरलेले, आणि घास घेता येत नाही.

आता कामाचे. ज्यांच्या घरी शिकणारे लेकरू आहे, त्यांनी फार मोठे टेबल करू नये. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद पुरते. उंची साधारण अडीच फूट आणि खुर्चीची बैठक दीड फूट. पण पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, नाही तर हाताची सावली वहीवर पडते. जागाच नसेल तर भिंतीला बिजागरीने फळी लावून घ्यावी, अभ्यास झाला की खाली पाडता येते. तेही जमत नसेल तर मांडी घालून बसायला फूटभर उंचीचे उतरते डेस्क. शेजारच्या विहारात अभ्यासिका असेल तर उत्तमच, पण रात्री दहानंतर मुलींना तिथून घरी यावे लागते, हे विसरू नये.

बुधवारी आम्ही टेबल रिकामे केले. फळके जसेच्या तसे, शाईचे दोन डाग ताईचे. मागच्या एका पायाला मात्र वाळवी लागली होती. सुतार बोलावला, त्याने तेवढा पाय बदलला आणि विचारले, कुणाच्या मापाचे ठेवू? आम्ही अमरावतीला फोन लावला. ताईने नातीला खुर्चीवर बसवले, कोपर मोजले आणि म्हणाली, माह्यापेक्षा दीड इंच उंच हाय पोरगी. तेव्हा चारही पायांखाली दीड इंचाच्या ठोकळ्या बसवल्या.

मंगळवारी ओळखीचा टेम्पो बडनेऱ्याकडे जातो आहे, त्यात टेबल जाईल. मिक्सर सध्या जमिनीवर आहे, आणि त्यावरून घरात आमच्याशी बोलणे बंद आहे.