पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उसवणाऱ्या जखमांबाबत निवेदन

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, मंत्रालय, मुंबई.
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, चंद्रपूर व मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली.

विषय : पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांपर्यंत जखमेची जबाबदारी शासकीय आरोग्य यंत्रणेने घेण्याबाबत.

महोदय,

पोटाचे ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या हाती सुटीचा कागद पडला की शासनाच्या दफ्तरी त्याची शस्त्रक्रिया पूर्ण होते. जखम मात्र दफ्तराच्या हिशेबाने भरत नाही. शिवलेले पोट आतून उसवण्याचा धोका सर्वाधिक असतो तो साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, आणि जखमेत पू होण्याची शक्यता तर महिनाभर मागे लागलेली असते. रुग्ण घरी जातो तोही बहुधा याच दिवसांच्या आसपास. नागपुरात राहणारा माणूस पट्टी ओली दिसताच रिक्षा करून तासाभरात सर्जनसमोर उभा राहतो. भामरागड, एटापल्ली, कोरची, सिरोंचा किंवा जिवतीच्या माणिकगड पहाडावरच्या रुग्णाला तशी सोय नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे प्रशासनाला नव्याने सांगायला नको. जखम तीच आणि टाकेही तेच, पण अंतरामुळे धोका वेगळा, म्हणून या दोन जिल्ह्यांसाठी नियमही वेगळा हवा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

प्रकार नेमका काय होतो, हे थोडे तपशिलाने मांडणे भाग आहे, कारण ‘टाके तुटले’ या दोन शब्दांत त्याचे गांभीर्य मावत नाही. पोट शिवताना सगळा भार पेलतो तो कातडीखालचा, स्नायूंवरचा पांढरा चिवट पडदा. तो सुटू लागला तरी वरची कातडी जुळलेलीच दिसते, टाकेही जागच्या जागी असतात. रुग्णाला बरे वाटत असते. मग एके दिवशी पट्टी अचानक पातळ, गुलाबीसर पाण्याने भिजते. धोक्याची खूण हीच. पुढे एखादी खोकल्याची उबळ, उलटी किंवा संडासला लावलेला जोर पुरतो आणि आतडे बाहेर येते. त्या वेळी ते हाताने आत ढकलायचे नसते. सलाइनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने झाकायचे, रुग्णाला गुडघे दुमडून निजवायचे, तोंडाने काही द्यायचे नाही आणि १०८ ला फोन करायचा. हे नियम समजायला वैद्यकीय पदवी लागत नाही, पण सुटीच्या कागदावर ते छापलेले असावेत अशी सक्ती नाही. छापले तरी माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या घरात आणि तेलुगू बोलणाऱ्या सिरोंचात मराठी-इंग्रजी कागद किती उपयोगी पडेल, हा प्रश्न उरतोच.

यावर हमखास मिळणारे उत्तर असे की रुग्णच पथ्य पाळत नाहीत, आठ दिवसांत कामाला लागतात, खर्रा-बिडी सोडत नाहीत, अंगात रक्त नसते. यात तथ्य नाही असे नाही. रक्ताची कमतरता, कुपोषण, जुनाट खोकला आणि धूम्रपान यांनी जखम भरायला उशीर होतो, आणि सिकलसेल तर या दोन्ही जिल्ह्यांत घरोघर ठाऊक असलेला आजार आहे. परंतु या गोष्टी ऑपरेशनपूर्वीच दिसत असतात. ज्या रुग्णाची जखम उसवण्याची शक्यता जास्त, त्याच्यावर लक्षही जास्त ठेवायला हवे. त्याला दोष देऊन लवकर घरी धाडणे हे वैद्यकीय तर्कात बसत नाही. शिवाय सगळे काही रुग्णाच्या हाती नसतेच. जखमेच्या लांबीच्या किमान चौपट धागा वापरला पाहिजे, हे जेनकिन्स या ब्रिटिश सर्जनने १९७६ साली दाखवून दिले. म्हणजे २० सेंटिमीटर जखमेला ८० सेंटिमीटर धागा शिवणीत जायला हवा. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत नियोजित शस्त्रक्रियांच्या वेळी मोठ्या टाक्यांऐवजी ५-५ मिलिमीटरवर बारीक टाके घातले, तेव्हा वर्षभरात जखमेच्या जागी हर्निया होण्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले. २०२२ साली भारतासह ७ देशांतल्या ८१ रुग्णालयांत, १३ हजारांहून अधिक रुग्णांवर एक साधी गोष्ट तपासली गेली : पोट शिवायच्या आधी सर्जन आणि सहायकांनी हातमोजे बदलायचे आणि शिवणीसाठी वेगळी निर्जंतुक हत्यारे घ्यायची. जखमेत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर उतरले. हातमोज्यांचे जोड आणि हत्यारांचा एक संच, खर्च एवढाच. जिल्हा रुग्णालयांपासून अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत हा पुरवठा अखंड राहिला पाहिजे, आणि हळूहळू विरघळणारा योग्य धागा संपला म्हणून हाती लागेल त्या धाग्याने पोट शिवण्याची पाळी कोणत्याही सर्जनवर येता कामा नये.

आता घरी गेलेल्या रुग्णाचे. घरी जाऊन तपासण्याची पद्धत या प्रदेशाला कुणी बाहेरून शिकवण्याची गरज नाही; ती इथूनच देशाला मिळाली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या गावांत, गावातल्याच प्रशिक्षित बायांच्या हातून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले आणि १९९९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून त्याच धर्तीवर देशभरच्या आशा स्वयंसेविका ठरलेल्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जातात. पण त्या भेटीचा रोख बाळावर असतो. सीझर झालेल्या आईची पट्टी उघडून बघणे हे त्या कामाचे पक्के अंग झालेले नाही. आणि आतडे फुटल्यामुळे तातडीने पोट उघडावे लागलेल्या मजुराकडे तर कुणीच जात नाही, वास्तविक अशा तातडीच्या, मधोमध उभ्या चिरेच्या शस्त्रक्रियेत पोट उसवण्याचा धोका सर्वांत जास्त. पोटाची कोणतीही मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाकडे घरी पोचल्यावर दोन दिवसांत, मग दहाव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी आशांची भेट व्हावी, संशय आल्यास उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने त्याच दिवशी जखम पाहावी आणि ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाशी फोनवर बोलावे.

आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. म्हणूनच ही भेट फुकटची सेवा ठरू नये. प्रत्येक रुग्णामागे स्वतंत्र मोबदला आणि ड्रेसिंगचे साहित्य मिळावे. ते जमत नसेल तर हे काम त्यांच्या गळ्यात मारू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आम्ही प्रत्येक शस्त्रक्रियेची तीस दिवसांची नोंद मागत आहोत. चंद्रपूर आणि गडचिरोलीची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, जिल्हा रुग्णालये आणि रुग्ण जिथे पाठवले जातात ती नागपूरची महाविद्यालये या सर्वांची मिळून एकच नोंद असावी, कारण पोट एका ठिकाणी शिवले जाते, उसवते घरी आणि दुरुस्त होते तिसऱ्याच ठिकाणी. त्यामुळे ते कुणाच्याच खात्यात दिसत नाही आणि ‘इथे हा प्रश्नच नाही’ असे सहज म्हणता येते. पण नोंद सुरू झाली की सर्जन धास्तावतील, अवघड रुग्ण हातात न घेता सरळ नागपूरला पाठवतील, अशी भीती जाणकार व्यक्त करतात. ती खरी ठरली तर रुग्णाचे नुकसान दुप्पट होईल. तेव्हा ही नोंद व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी, बदलीसाठी किंवा नोटिशीसाठी वापरली जाणार नाही, असे परिपत्रकात स्पष्ट लिहावे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ६६ देशांच्या अभ्यासात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग विकसित देशांत ९.४ टक्के, तर सर्वांत मागास देशांत २३.२ टक्के आढळला. ही दरी सर्जनच्या हातातल्या कसबापुरती नसते. पाणी, निर्जंतुकीकरण, उशिरा पोचणारा रुग्ण असे सगळेच तिच्यात मिसळलेले असते. एका डॉक्टरला धारेवर धरून ती बुजणार नाही.

राहिला मुक्कामाचा प्रश्न. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सीझर झालेल्या आईला सात दिवस मोफत आहार आहे. धोक्याचे दिवस त्यापुढेही जातात. आदिवासी भागात बाळंतपणाआधी राहण्यासाठी माहेरघरे आहेत, मग ऑपरेशननंतर टाके निघेपर्यंत दूरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका नातेवाइकाला राहता येईल अशी घरे गडचिरोली, चंद्रपूर आणि अहेरीत का नसावीत? मोहफुले, तेंदूपाने आणि धानाची रोवणी यांचे दिवस ज्याचे बुडतात, तो खाट मिळाली म्हणून थांबणार नाही, त्यामुळे बुडीत मजुरीही द्यावी लागेल. खाटा अडतील असे म्हणणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की उसवलेले पोट परत आले की अतिदक्षता विभागातली खाट अडते, तीही अनेक दिवस.

हातमोजे, हत्यारे आणि धाग्याच्या पुरवठ्याचा आदेश तत्काळ काढावा; रुग्णाच्या भाषेतील सूचनापत्र, घरभेटी आणि नोंदवही येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू व्हावी; मुक्कामाच्या घरांसाठी आगामी अर्थसंकल्पात तरतूद व्हावी. यांपैकी कोणती मागणी मान्य आणि कोणती अमान्य, हे कारणांसह लेखी कळवावे, ही विनंती.

आपले नम्र,
चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील नागरिक