नाव ठेवायचं की नावं ठेवायची?

मैत्रिणींनो, या खेपेच्या टपालात लोणच्याला बुरशी का येते, लोकरीचा स्वेटर आटला तर काय करावे, अशी नेहमीची पत्रे होतीच. त्यांची उत्तरे पुढच्या आठवड्यात. आज एकाच पत्राबद्दल लिहिते, कारण त्याला थांबायला वेळ नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एक भगिनी लिहितात, "ताई, दोन मुलींच्या पाठीवर मला तिसरीही मुलगीच झाली. सासूबाई म्हणतात, हिचं नाव नकुसा ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो. आमचे हे म्हणतात, पाळण्यात नकुसा म्हणू, कागदावर दुसरं काहीतरी लिहू, आईचं मन कशाला मोडायचं? बारसं सव्वा महिन्याचं ठेवलं आहे. दवाखान्यातून नोंद गेली आहे, पण नावाची जागा रिकामी आहे. मी काय करू?"

बाई गं, ती जागा रिकामी आहे हे तुमचं नशीब समजा.

आता कोणी म्हणेल, ओबडधोबड नावे ठेवायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. आहेच! दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू. पाठोपाठ मुले दगावली की पुढच्या बाळाला असे नाव द्यायचे. हेतू हा, की मृत्यूला वाटावे हा तर दगड आहे, केर आहे, याला नेऊन काय करायचे? मूल इतके हवेसे होते, की त्याला गोड नावाने हाक मारायलाही आई भ्यायची. आणि अशा नावांनी कोणाचे अडलेही नाही. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडोच की! त्यांनी १९१६ साली महिलांचे विद्यापीठ काढले, १९५८ साली ते भारतरत्न झाले. पुण्यात तर गणपतीच दगडूशेठांच्या नावाने ओळखला जातो.

नकुसाचे तसे नाही. ते नाव मृत्यूला फसवायला नसते, ते त्या पोरीलाच ऐकवायला असते. आणि हा काही एकट्या साताऱ्याचा दोष नव्हे. हरियाणात 'भतेरी' म्हणतात, म्हणजे पुष्कळ झाल्या. राजस्थानात 'धापू', म्हणजे पोट भरले. तमिळनाडूत 'वेंडाम', म्हणजे सरळ नकोच.

माझ्या माहेरच्या आळीत अशी एक नकुसा होती. मास्तर हजेरी घेताना तिच्या नावापाशी आले की ती "हजर" म्हणायची नाही, नुसता हात वर करायची. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले, आणि पुढे माहेरपणाला आली तेव्हा जुन्या नावाने हाक मारली तर वळूनही बघेना. लग्नात बायकांची नावे बदलणे मला एरवी मुळीच पटत नाही, पण तिला ती सुटका वाटली. तिच्या पाठीवर मुलगा झाला का, विचाराल. नाही, आणखी दोन बहिणी झाल्या.

होणार तरी कसा? आईच्या बीजात नेहमी एक्सच असते. बापाकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा, आणि हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरून जाते. थोरल्या बहिणीचे नाव त्यात कोठून शिरणार? सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, तुमच्या यजमानांनी सांगावे.

तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट त्यांना आठवत असेल. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात नकुसा, नकोशी नावाच्या २८५ मुलींचे नव्याने नामकरण झाले. मुलींनी आपापली नावे निवडली. कोणी देवीचे नाव घेतले, कोणी सिनेमातल्या नटीचे. नव्या नावाची प्रमाणपत्रे त्यांच्या हाती दिली. चांगलेच झाले, पण त्यातल्या कितीतरी जणी शाळेत जाणाऱ्या होत्या हो! इतकी वर्षे ती हाक ऐकलेलीच होती.

म्हणून यजमानांची तडजोड मला पसंत नाही. पाळण्यातले नाव पाळण्यात राहात नाही. ते अंगणात येते, बालवाडीत जाते, आणि एक दिवस घाईगर्दीत कोणीतरी तेच फॉर्मावर लिहून मोकळे होते. दोन नावांची सोय आपल्याकडे आहेच, एक नक्षत्रावरून जन्मनाव आणि एक व्यवहाराचे. सासूबाईंना मान द्यायचा तर जन्मनाव त्यांच्या पसंतीने ठेवा. (हस्त नक्षत्राचा 'ण' वाट्याला आला तर घाबरू नका, भटजी त्यातूनही वाट काढतात.)

आता कायद्याचे. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती नावाशिवायही होते. नोंदीपासून १२ महिने नाव विनामूल्य घालता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एकदा लिहिलेले नाव बदलायचे म्हणजे राजपत्रात जाहिरात, अर्ज, आणि मग एकेका कागदासाठी खेटे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखलाच दाखवावा लागतो, तेव्हा तिथले अक्षर न् अक्षर जपून. भाग्य उजळते म्हणून इंग्रजी स्पेलिंगात एक जादा 'ए' घालणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावे. एका कागदावर तो राहतो, दुसऱ्यावर गळतो, आणि मग बसा प्रतिज्ञापत्रे करत.

आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव आपल्या राज्यात सरकारी कागदांवर आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असे लिहितात. म्हणजे त्या 'नकुसा'ला लागूनच तुमचे नाव येणार. जन्मभर वाचणारा काय वाचेल, ते एकदा कागदावर लिहून बघा, आणि ह्यांनाही दाखवा.

नाव कोणते, ते मी सांगत नाही. थोरल्या दोघींना सुचवू द्या. दोन-तीन निघाली की दारात उभे राहून प्रत्येक नावाने मोठ्याने हाक मारून बघा. सासूबाईंच्या तोंडात बसते का, पोरे त्याचे काही वेडेवाकडे करतील का, लगेच कळते. आत्याला मात्र आधी विश्वासात घ्या. कुर्रर्र करून कानात नाव सांगणार ती, आणि तिच्या तोंडून एकदा निघालेले नाव भरल्या घरात सहसा कोणी खोडत नाही. घुगऱ्या वाटून झाल्या की दुसऱ्याच दिवशी, जिथे नोंद झाली आहे त्या कार्यालयात जाऊन रिकामी जागा भरून या. यजमानांना एकट्याला पाठवू नका, स्वतः बरोबर जा आणि दाखला हातात पडला की तिथेच उभ्या उभ्या वाचा.

आणि काय नाव ठेवलंत, ते पत्राने कळवा.